शिकवणारे एक, शिक्का दुसऱ्याचा

ग्वेल्फमध्ये कॉलेज अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. गॉर्डन स्ट्रीट त्याला छेदतो त्या चौकात उभं राहिलं की आपण मराठीत ज्याला बिनदिक्कत ‘कॉलेज’ म्हणू ते सगळं समोर दिसतं. जुन्या दगडी इमारती, हिरवळ, पाठीला सॅक लावून घाईने जाणारी पोरं. त्यातल्या एखाद्याला विचारलं की बाबा, याच कॉलेजात आहेस का, तर तो क्षणभर अडखळतो आणि म्हणतो, नाही, मी युनिव्हर्सिटीत आहे. कॉलेज अ‍ॅव्हेन्यूने पश्चिमेकडे चालत गेलं की ‘सेंटेनिअल कॉलेजिएट’ अशी पाटी लागते. ती निघते नववी ते बारावीची शाळा. उलट गॉर्डन स्ट्रीटने दक्षिणेला गेलं तर ‘कॉलेज ऑफ व्हेटर्नरियन्स ऑफ ऑन्टॅरिओ’ या नावाने वर्षानुवर्षं ओळखलं गेलेलं ऑफिस आहे. तिथे ना वर्ग, ना विद्यार्थी, ना फळा. प्रांतातल्या पशुवैद्यांना परवाने देणं आणि कुणी चुकला तर त्याला जाब विचारणं हे त्याचं काम. आणि गावातले लोक ज्याला खरोखर ‘कॉलेज’ म्हणतात ते कॉनेस्टोगा या सगळ्यापासून लांब, गावाच्या उत्तरेला, स्पीडव्हेल अ‍ॅव्हेन्यूवर.

२०२१ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या १,४३,७४० होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा फार मोठं नाही. एवढ्याशा जागेत एक शब्द चार अर्थांनी भेटतो आणि त्यातला एकही अर्थ आपला नसतो. ‘युनिव्हर्सिटी’चं मात्र तसं होत नाही, तो शब्द सगळीकडे ताठ उभा असतो. असं का व्हावं, याचा शोध घ्यायला ग्वेल्फइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

आधी आपल्या कानाची तपासणी करू. मराठी माणसाच्या मनात या दोन शब्दांचं नातं लहान-मोठ्याचं असतं. कॉलेज लहान, युनिव्हर्सिटी मोठी. महाविद्यालयं अनेक, विद्यापीठ एक. पण बोलण्यातला वापर बघितला तर गोष्ट निराळीच निघते. कॉलेज नपुंसकलिंगी आणि घरचं. ‘आमच्या कॉलेजात’, ‘कॉलेजला असताना’, कॉलेजकट्टा, कॉलेजकुमार. युनिव्हर्सिटी स्त्रीलिंगी आणि परकी. तिच्यात कुणी ‘असत’ नाही, तिच्याकडून फक्त काही तरी येतं: हॉल तिकीट येतं, पेपर येतो, रिझल्ट येतो आणि बहुतेक वेळा उशिराच येतो. ‘युनिव्हर्सिटीत पहिली आली’ म्हणजे ती मुलगी युनिव्हर्सिटीत कधी गेली होती असं नव्हे. तिथे तिचा नंबर लागला, एवढंच. पुण्यात तर कित्येकांच्या आयुष्यात युनिव्हर्सिटी हा गणेशखिंडीतला एक बसस्टॉप असतो. पदवी तिची घेतलेली, पण फाटकातून आत पाऊल टाकलं ते मायग्रेशन सर्टिफिकेट काढायला.

ही आपली सवय १८५७ सालची आहे. त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन युनिव्हर्सिटीचा नमुना समोर ठेवून, आणि तेव्हाची लंडन युनिव्हर्सिटी शिकवत नव्हती, परीक्षा घेत होती. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ ची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच तुकडीतले. ते शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात. राजाबाई टॉवर पुरा व्हायला अजून सोळा वर्षं होती आणि विद्यापीठ म्हणजे प्रामुख्याने एक परीक्षक मंडळ आणि एक शिक्का होता. पुढे फर्ग्युसन निघालं, पुण्याचं शेतकी कॉलेज निघालं, सांगली-कोल्हापूरची कॉलेजं निघाली. शिकवणारे जागेवर, शिक्का मुंबईचा. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९४९ साल उजाडलं. शंभर वर्षांच्या या सवयीने आपल्या मनात पक्कं बसलं की कॉलेज हे ठिकाण आहे आणि युनिव्हर्सिटी हा अधिकार.

गंमत अशी की मूळ शब्दांत जवळजवळ हाच अर्थ दडलेला आहे.

‘कॉलेज’ ज्या लॅटिन ‘कोलेजियम’वरून आला त्याचा शाळेशी काहीच संबंध नव्हता. एकाच कामावर नेमलेल्या सोबत्यांचं मंडळ, एवढाच त्याचा अर्थ. ‘कलीग’ हा शब्द त्याचाच भाऊ. पुरोहितांचं कोलेजियम असे, कारागिरांचं असे. तीन माणसं असली की कोलेजियम होतं असा रोमन कायद्यातला एक दंडकच आहे. पोप निवडणारं कार्डिनलांचं कॉलेज, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडणारं इलेक्टोरल कॉलेज, आपल्या सर्वोच्च न्यायालयातलं न्यायाधीश निवडणारं ‘कॉलेजियम’ ही सगळी त्या जुन्या अर्थाची आजही नांदती घरं आहेत. शिक्षणात हा शब्द शिरला तो मागल्या दाराने, राहण्या-जेवणाच्या सोयीतून. पॅरिसमध्ये १२५७ साली रोबेर द सोर्बोंने धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी जी सोय केली तिचं नाव पुढे सोर्बोन झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर ते बोर्डिंग होतं. एका छपराखाली राहायचं, एका पंगतीत जेवायचं, रात्री दिवा लावून पाठ घोकायचा. मग शिकवणारेही तिथेच येऊन राहू लागले आणि बोर्डिंगचं कॉलेज झालं.

हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली शाहू बोर्डिंग काढलं, १९४७ मध्ये त्याच मुळावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं आणि अलीकडे कर्मवीरांच्याच नावाचं विद्यापीठही तिथे झालं. युरोपला जे करायला काही शतकं लागली ते साताऱ्याने शंभरेक वर्षांत उरकलं.

‘युनिव्हर्सिटी’चं कूळ वेगळं. ‘युनिव्हर्सितास’ म्हणजे समस्त मंडळी. जुन्या मराठी कागदांत ‘समस्त गावकरी’, ‘समस्त ब्रह्मवृंद’ असं येतं ना, नेमकं तेच. मध्ययुगातल्या कायद्यात कुठल्याही संघटित जमातीला हा शब्द लागे. बोलोन्यात विद्यार्थ्यांनी आपली समस्त मंडळी उभी केली, पॅरिसमध्ये मास्तरांनी. राजाने किंवा पोपने या मंडळींना सनद दिली की त्यांना एक फार मोठा हक्क मिळे: अमुक माणूस आता शिकवायला लायक झाला, असं जाहीर करण्याचा. ती लायकी म्हणजेच पदवी. तेव्हा आरंभापासून कॉलेज हे एकत्र नांदण्याचं नाव आणि युनिव्हर्सिटी हे शिक्कामोर्तबाच्या हक्काचं. आकाराचा प्रश्न कुठे येतच नाही.

इथे मराठीची पाठ थोपटायला हवी. हिंदीने आणि बंगालीने ‘युनिव्हर्सिटी’ला विश्वविद्यालय केलं. ‘युनिव्हर्स’ म्हणजे विश्व, ही कानाची भूल त्याच्या मुळाशी असावी. त्या शब्दाने भव्यता येते पण नेमकेपणा जातो; समस्त मंडळींचा विश्वाशी काय संबंध? मराठीने विद्यापीठ घेतलं. १९२१ साली पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं तेव्हा हा शब्द राष्ट्रीय शिक्षणाच्या हवेत सगळीकडेच होता. गुजरात विद्यापीठ आदल्या वर्षीचं, काशी विद्यापीठ त्याच वर्षीचं. पण हिंदीत तो काही संस्थांच्या नावापुरता राहिला आणि मराठीत तो सामान्यनाम झाला. पीठ म्हणजे अधिकाराची बैठक. शंकराचार्यांचं पीठ, हायकोर्टाचं खंडपीठ, निवाडा देणारं न्यायपीठ. जिथे बसून निर्णय दिला जातो ते पीठ. मूळ कल्पनेच्या इतक्या जवळ जाणारा दुसरा देशी शब्द मला तरी ठाऊक नाही. ‘महाविद्यालय’बद्दल मात्र एवढं प्रेम वाटत नाही. नुसतं ‘महा’ लावून विद्यालय मोठं केलं, आणि लहान-मोठ्याची सगळी गफलत तिथूनच सुरू झाली.

आता पुन्हा ग्वेल्फकडे. हे गाव १८२७ साली जॉन गॉल्ट या स्कॉटिश कादंबरीकाराने कॅनडा कंपनीसाठी वसवलं आणि ब्रिटिश राजघराण्याच्या कुळावरून त्याला नाव दिलं. चौकात जी मंडळी आज ‘मी युनिव्हर्सिटीत आहे’ म्हणतात, त्यांच्या आजोबांनी त्याच जागी उभं राहून ‘मी कॉलेजात आहे’ असं सांगितलं असतं. कारण १८७४ साली तिथे प्रांताच्या सरकारने शेतकीची शाळा काढली. १८८० मध्ये तिचं नाव ऑन्टॅरिओ अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज झालं, लोकांच्या तोंडी ओएसी. १८८८ पासून हे कॉलेज टोरांटो युनिव्हर्सिटीशी संलग्न होतं. १९०३ मध्ये शेजारी मॅक्डोनल्ड इन्स्टिट्यूट आलं, मुलींना गृहशास्त्र शिकवणारं. ऑन्टॅरिओ व्हेटर्नरी कॉलेज निघालं होतं टोरांटोत, १८६२ साली, म्हणजे रानडे-भांडारकर पदवीधर झाले त्याच वर्षी. ते १९२२ मध्ये बाडबिस्तरा घेऊन ग्वेल्फला आलं. तेही टोरांटोशी संलग्न.

म्हणजे १९६४ पर्यंत ग्वेल्फची अवस्था अगदी पुण्याच्या शेतकी कॉलेजासारखी होती. गाईची धार काढायला शिकायचं ग्वेल्फमध्ये आणि पदवीवर सही टोरांटोची. ‘अफिलिएटेड कॉलेज’ ही चीज फक्त आपल्याकडच्या गोऱ्या साहेबाने आपल्यासाठी काढली असं आपण समजतो, पण साहेबाने ती आपल्या भाऊबंदांनाही दिली होती. या कॉलेजाचा सगळ्यात गाजलेला विद्यार्थी म्हणजे अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ. १९३१ मध्ये तो इथून शेतकीचा पदवीधर झाला, पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाला आणि १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत राहिला. आपल्या या जुन्या कॉलेजाची त्याने जाहीर टर उडवली आणि ग्वेल्फकरांनी ती बरीच वर्षं मनावर घेतली. पण दिल्लीत त्याला भेटलेल्या एखाद्या मुंबईकर अधिकाऱ्याने ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं असतं, तर दोघांची उत्तरं एकाच घाटाची निघाली असती: कॉलेज इकडचं, युनिव्हर्सिटी तिकडची.

१९६२ मध्ये ग्वेल्फच्या तिन्ही संस्थांची एक मोट बांधली गेली आणि १९६४ च्या मे महिन्यात प्रांताच्या विधिमंडळाच्या कायद्याने युनिव्हर्सिटी ऑफ ग्वेल्फ जन्माला आली. शिक्का घरी आला. आता बघण्यासारखं हे की कॉलेज हा शब्द त्यामुळे पुसला गेला नाही, तो आत सरकला. नव्या युनिव्हर्सिटीने कला आणि विज्ञान शिकवण्यासाठी काय काढलं? तर वेलिंग्टन कॉलेज. आजही तिच्या पोटात कॉलेज ऑफ आर्ट्स आहे, जीवशास्त्राचं कॉलेज आहे, ओएसी आणि व्हेटर्नरीचं कॉलेज तर आहेतच. टोरांटोत ज्याला फॅकल्टी म्हणतात त्याला इथे कॉलेज म्हणतात. (फॅकल्टी या शब्दाने आपल्याकडे एकट्या मास्तराचा अवतार घेतला आहे, ‘आमचे फॅकल्टी रजेवर आहेत’, पण ती वेगळी कहाणी.) तिथला विद्यार्थी स्वतःला कॉलेजातला म्हणवत नाही, पण त्याच्या पदवीच्या कागदामागे एक कॉलेज असतंच. ओएसीबद्दल आणखी एक गंमत: १९८४ ते २००३ या काळात ऑन्टॅरिओच्या शाळांत तेरावं वर्ष होतं, त्याचंही संक्षिप्त नाव ओएसीच. ग्वेल्फच्या एखाद्या घरात थोरला ओएसीत आणि धाकटाही ओएसीत असेल, तर एक शेती शिकत असे आणि दुसरा अजून शाळेत असे.

मग कॉलेज हा शब्द युनिव्हर्सिटीच्या विरुद्ध कधी उभा राहिला? ग्वेल्फची युनिव्हर्सिटी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. १९६५ मध्ये ऑन्टॅरिओचे तेव्हाचे शिक्षणमंत्री बिल डेव्हिस यांनी ‘कॉलेजेस ऑफ अप्लाइड आर्ट्स अँड टेक्नॉलॉजी’ या नावाची नवी साखळी उभी करायचा कायदा आणला. कारखान्यांना, दवाखान्यांना, ऑफिसांना हातात कसब असलेली माणसं हवी होती. कॉनेस्टोगा हे त्याच साखळीतलं, १९६७ चं. त्याचं मुख्य ठाणं किचनरमध्ये, ग्वेल्फला शाखा. आज प्रांतात अशी २४ सरकारी कॉलेजं आहेत. या निर्णयातली खरी मेख आराखड्यात होती. कॅलिफोर्नियात तेव्हा दोन वर्षं कॉलेजात काढून मग युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायची पायवाट तयार झाली होती. ऑन्टॅरिओने ती वाट मुद्दाम ठेवली नाही. कॉलेज ही युनिव्हर्सिटीची पायरी असणार नाही, ते स्वतःच एक मुक्कामाचं ठिकाण असेल. त्या दिवसापासून ऑन्टॅरिओत हे दोन शब्द एकमेकांचे शेजारी झाले. वडील-मुलगा राहिले नाहीत.

पुढच्या साठ वर्षांत ती भिंत बरीच पोखरली गेली. २००० च्या कायद्याने कॉलेजांना ठराविक विषयांत स्वतःची पदवी द्यायची मुभा मिळाली. काही अभ्यासक्रमांत क्रेडिटं नेता येऊ लागली. २००२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ ग्वेल्फ-हंबर’ नावाचं एक जोडप्रकरण सुरू झालं. चार वर्षांत विद्यार्थ्याच्या हाती ग्वेल्फची पदवी आणि हंबर कॉलेजचा डिप्लोमा, दोन्ही पडतात. ही संस्था ग्वेल्फमध्ये नाही, टोरांटोच्या वायव्य टोकाला हंबरच्या आवारात आहे. शिकवणारे, शिकायची जागा आणि शिक्का, तीन गोष्टी तीन ठिकाणी. रानडे असते तर त्यांना हे चटकन उमगलं असतं.

मराठी घरांत जो खरा घोटाळा होतो तो इथून पुढे. ‘मुलगा कॅनडात कॉलेजला आहे’ हे वाक्य नाशिकमध्ये आणि ग्वेल्फमध्ये सारखंच ऐकू येतं, पण नाशिकमध्ये त्याचा अर्थ पदवी घेतो आहे असा होतो आणि ग्वेल्फमध्ये तो डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट करतो आहे असा होतो. त्यात कमीपणा काही नाही. वेल्डिंग, नर्सिंग, सप्लाय चेन यांतलं काम शिकवायला कॉलेज बऱ्याचदा युनिव्हर्सिटीपेक्षा उजवं ठरतं. इथलीच पोरं युनिव्हर्सिटीची पदवी घेऊन मग नोकरीच्या कामाचं काही शिकायला वर्षभर कॉनेस्टोगाला जातात. पण आपल्या कानाला ‘डिग्रीनंतर डिप्लोमा’ हे उलटं वाटतं, कारण आपल्याकडे डिप्लोमा म्हणजे दहावीनंतरचं पॉलिटेक्निक. बी.ई. झालेला पोरगा डिप्लोमा करायला परदेशी गेला हे ऐकून काकांच्या कपाळावर आठी चढते.

याहून फसवा शब्द ‘पोस्ट-ग्रॅज्युएट’. कॉलेजात पदवीधरांसाठी जो वर्षभराचा अभ्यासक्रम असतो त्याला पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट म्हणतात. म्हणजे पदवीनंतरचं सर्टिफिकेट, एवढंच. मराठीत पोस्ट-ग्रॅज्युएशन म्हणजे एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. लग्नाच्या बायोडेटात ‘कॅनडातून पोस्ट-ग्रॅज्युएट’ असं छापून येतं तेव्हा कुणी खोटं बोललेलं नसतं. दोन देशांनी एकच शब्द दोन वस्तूंना चिकटवला, इतकंच. तरी वधूपक्षाला कळतं तेव्हा व्हायचा तो मनस्ताप होतोच.

२०२४ पर्यंत हा शब्दांचा खेळ होता. त्या वर्षी तो कायद्याचा झाला. जानेवारीत केंद्रीय मंत्री मार्क मिलर यांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे पस्तीस टक्के कमी, साधारण तीन लाख साठ हजार. त्या पहिल्या वर्षी मास्टर्स आणि पीएच.डी.वाल्यांना या मर्यादेतून वगळलं होतं. मग जोडीदाराच्या वर्क परमिटचा नियम बदलला: मास्टर्स, पीएच.डी. आणि काही व्यावसायिक पदव्यांच्या विद्यार्थ्यांपुरताच तो उरला. त्यानंतर, १ नोव्हेंबर २०२४ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी शिक्षणानंतरच्या वर्क परमिटला नवी अट आली: कॉलेजात डिप्लोमा-सर्टिफिकेट करणाऱ्याचा विषय सरकारच्या टंचाईच्या यादीत असायला हवा, बॅचलर, मास्टर्स, डॉक्टरेटवाल्यांना ती अट नाही. खाजगी ‘करिअर कॉलेज’ नावाची तिसरीच जमात आहे, तिथल्या विद्यार्थ्याला हे परमिट मुळातच मिळत नाही. तिच्याही पाटीवर शब्द कॉलेज हाच.

ही मर्यादा कुणाला लागली हे समजायला एक आकडा पुरे. २०२३ साली एकट्या कॉनेस्टोगासाठी तीस हजारांहून जास्त स्टडी परमिट मंजूर झाली होती, देशातल्या कुठल्याही संस्थेपेक्षा जास्त. ही जवळजवळ ग्वेल्फच्या लोकसंख्येच्या एक पंचमांश माणसं. त्यातली मोठी संख्या भारतीय. घर गहाण टाकून पोर पाठवणाऱ्या बापाने प्रवेशपत्रावरचा ‘कॉलेज’ हा शब्द आपल्या गावच्या कॉलेजसारखा वाचला असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा? एजंटाने तो शब्द बरोबर वाचला होता. त्याने सांगितला नाही, एवढंच. माझा राग आहे तो यावर. शब्दाच्या अर्थांतला फरक माहीत असणाऱ्याने तो स्वतःजवळ ठेवायचा आणि त्यावर कमिशन खायचं, याला भाषिक गैरसमज म्हणत नाहीत.

बाकीच्या जगावरून झरकन नजर टाकू. अमेरिकेत कॉलेज हा सर्वसमावेशक शब्द आहे. हार्वर्डला गेलेलाही ‘कॉलेजला गेलो’ म्हणतो. डार्टमाउथ पीएच.डी. देतं तरी आपलं नाव कॉलेजच ठेवून आहे. कॅनेडियन माणूस मात्र ‘युनिव्हर्सिटीला गेलो’ असंच म्हणेल, आणि अमेरिकन सिनेमातलं कॉलेज बघून वाढलेली आपली पोरं इथे पहिल्यांदा चकतात. इंग्लंडात ईटन कॉलेज ही शाळा आहे, ऑक्सफर्डचं कॉलेज हे घर आहे आणि इम्पीरियल कॉलेज २००७ पासून स्वतंत्र युनिव्हर्सिटी आहे. फ्रान्समध्ये ‘कोलेज’ म्हणजे अकरा ते पंधरा वयाच्या मुलांची शाळा. शेजारच्या क्विबेकात १९६७ पासून ‘सेजेप’ आहे, शाळा आणि युनिव्हर्सिटी यांच्या मधलं. ते आपल्या ज्युनिअर कॉलेजाचं जवळचं नातलग. ग्वेल्फपासून अर्ध्या तासावर वॉटर्लूला ‘युनिव्हर्सिटी कॉलेज’ नावाच्या संस्थाही आहेत, दोन्ही शब्द एकाच पाटीवर; शिकवतात त्या, पदवी वॉटर्लू युनिव्हर्सिटीची.

ज्युनिअर कॉलेजचं नाव निघालंच आहे तर ग्वेल्फच्या ‘कॉलेजिएट’चाही हिशेब पुरा करू. आपल्याकडे १९७० च्या दशकात १०+२+३ आलं आणि अकरावीची पोरं एका रात्रीत कॉलेजची झाली. गणवेश गेला, कट्टा आला. ऑन्टॅरिओत हेच शंभर वर्षं आधी घडलं होतं. १८७१ च्या शिक्षण कायद्याने ठरवलं की ज्या हायस्कुलात चार जाणते शिक्षक असतील आणि लॅटिन किंवा ग्रीक शिकणारी किमान साठ मुलं असतील, त्याने स्वतःला ‘कॉलेजिएट इन्स्टिट्यूट’ म्हणवून घ्यावं. लॅटिन गेलं, नाव उरलं. पहिल्या महायुद्धात पॉपीच्या फुलांवर कविता लिहून जगभर गेलेला ग्वेल्फचा डॉक्टर जॉन मॅक्रे अशाच कॉलेजिएटचा विद्यार्थी. म्हणजे सोळा वर्षांची पुणेकर मुलगी आणि सोळा वर्षांची ग्वेल्फकर मुलगी दोघीही नावापुरत्या कॉलेजातच असतात. फरक इतकाच की पुणेकरणीला ते खरं वाटतं.

महाराष्ट्रात दोन्ही शब्दांची सध्या जी ओढाताण चालली आहे ती याहून कमी मजेची नाही. डेक्कन कॉलेज १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे, पण नाव सोडायला तयार नाही, आणि ते योग्यच आहे. पुण्याचं सीओईपी १८५४ मध्ये एक वर्ग म्हणून सुरू झालं, मग कॉलेज झालं आणि २०२२ मध्ये विद्यापीठ. त्याचं नवं नाव ‘सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी’. यातल्या ‘सी’चा पूर्ण अर्थ काढला तर एकाच नावात कॉलेजही आहे आणि युनिव्हर्सिटीही. जुनं नाव टाकवत नाही आणि नवा शिक्का सोडवत नाही. उलट बाजूने २०१७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यूजीसीने अभिमत संस्थांना नावातला युनिव्हर्सिटी हा शब्द काढायला लावला. कॉलेज हा शब्द वापरू नका असं मात्र कुणी कुणाला कधी सांगितल्याचं ऐकिवात नाही. कोचिंग क्लासपासून ब्यूटीपार्लरच्या कोर्सपर्यंत तो सगळ्यांना मोकळा. कायदा राखण करतो ती शिक्क्याची, नांदण्याची नाही. म्हणूनच एक शब्द ताठ राहिला आणि दुसरा भटकत फिरला. नव्या शैक्षणिक धोरणात संलग्नता हळूहळू संपवून प्रत्येक कॉलेजाला स्वतःचा शिक्का द्यायचं घाटतं आहे. ग्वेल्फला १९६४ मध्ये जे एकदा झालं ते आपल्याकडे हजारो ठिकाणी व्हायचं आहे. चांगल्या कॉलेजांना त्याचा फायदा होईल. पण आडगावच्या कॉलेजातल्या पोराला निदान शिक्का तरी मुंबईचा किंवा पुण्याचा मिळत होता, त्याचं काय होईल याची धास्ती मला वाटते.

राहता राहिलं गॉर्डन स्ट्रीटवरचं ते बिनवर्गाचं कॉलेज. पशुवैद्यांप्रमाणेच ऑन्टॅरिओत डॉक्टरांचं कॉलेज आहे, नर्सांचं आहे, शिक्षकांचं आहे. सगळी परवाना देणारी, नावं नोंदवणारी, तक्रार ऐकणारी. इथला शब्द थेट रोमहून आला आहे, वाटेत पॅरिसच्या बोर्डिंगात न थांबता: एकाच धंद्यातल्या सोबत्यांचं मंडळ. आपल्याकडेही याचं चुलत भावंड आहे. मुंबईत परळला १९१२ पासून कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स आहे. पत्ता विचारत गेलेल्याला तिथे लेक्चर हॉल भरलेले दिसायचे नाहीत, कारण त्याचं काम परीक्षा घेऊन डॉक्टरांना डिप्लोमे आणि फेलोशिप देण्याचं. परळलाच १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेजही आहे. तेव्हा जनावरांचा डॉक्टर व्हायला एक कॉलेज लागतं आणि ती डॉक्टरकी चालवायला दुसरं कॉलेज लागतं, ही ग्वेल्फची स्थिती एखाद्या परळकराला समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

कॉनेस्टोगाला नव्याने प्रवेश मिळालेल्यांना एक व्यवहाराची सूचना. भाड्याची खोली शोधताना नुसतं नाव वाचून कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर घेऊ नका. सकाळी बसने आख्खं गाव ओलांडून उत्तरेला जावं लागेल, जानेवारीत उणे पंधरामध्ये. आणि खिडकीतून रोज युनिव्हर्सिटी दिसेल.